भुऱ्याचं रक्त

येडशीच्या शिवारात मोठ्या कुत्र्यांच्या रक्ततपासणीचं शिबिर भरलं. रक्त दिलेल्या प्रत्येक कुत्र्याला लांडग्यापासून गळा वाचवणारा खिळ्यांचा पट्टा फुकट होता. पण मेंढरं राखणारी आमची कुत्री सुईवाल्याला जवळ येऊ देतील तर शपथ!

व्यंकटतात्यांनी तोड काढली. "एष्टी थांब्यावरचं ते बेवारस भुऱ्या न्या. लई गरीब हाय, दिवसभर पडूनच असतंय."

मग वाघ्या, शेरू, राजा अशा सात नावांनी एकट्या भुऱ्यानं सातदा रक्त दिलं. डॉक्टरांनी फॉर्मावरून मान वर केली नाही.

आठवड्यानं रिपोर्ट आला. सातही कुत्र्यांच्या रक्तात गोचीड तापाच्या अँटीबॉडी निघाल्या. डॉक्टर घाईनं आले आणि यादीप्रमाणं सात मालकांना गोळ्या वाटू लागले.

तेवढ्यात म्हाळसाबाईंनी थांब्याकडं बोट केलं. "सायेब, त्या भुऱ्याला बी द्या की. दोन दिस झालं, जागचं उठंना."

"त्याचं रक्त तपासलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.



सातही मालक एका सुरात म्हणाले, "न्हाय."