एक जास्तीची टाळी

"ढापण्याला कळवायचं नाही," हे मीच म्हटलं होतं. आमच्या या मित्राला एक खोड होती. गाणं संपून सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, की हा पठ्ठ्या आणखी एक टाळी वाजवायचा. अख्खा हॉल वळून बघायचा आणि आम्हाला तोंड लपवायला जागा उरायची नाही.

म्हणून या वेळी मी, आमचा डॉक्टर मित्र आणि माझी मामेबहीण, असे तिघेच बँड ऐकायला गेलो.

पहिलं गाणं संपलं. टाळ्या विरल्या आणि मागून एक टाळी वाजली.

"आला की काय हा?" मामेबहीण दचकली. मागे नुसती भिंत होती.

पुढच्या गाण्यानंतर ती टाळी आणखी जवळून वाजली. डॉक्टरने मला बाहेर नेऊन ढापण्याला स्पीकरवर फोन लावला.

"घरीच आहे रे," तो म्हणाला. "कार्यक्रम रद्द झालाय ना? तुम्हीच तर सांगितलंत."

त्याने विचारल्यावर ती थाप मीच मारली होती; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या गाण्याला मी दोन्ही हातांत मुद्दाम सरबताचे ग्लास धरून उभा राहिलो. टाळ्या थांबल्या आणि ती टाळी माझ्यापाशीच वाजली. अख्खा हॉल माझ्याकडे वळला. ग्लास हातांतच होते, पण तळवे चुरचुरत होते.

मामेबहीण मान खाली घालून डॉक्टरला हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी याला कळवायचं नाही."