कात्री लावायच्या आधी

"आई, याच्या कानाला कात्री लावू?"

शिलाई मशीनवर चालणारे आईचे पाय थिजले. पाळण्यापाशी थोरली उभी होती. वय दहा, हातात कापड कापायची मोठी कात्री आणि उघड्या पात्यांच्या मधे बाळाचा कान. आवाज मात्र असा, की खिडकी उघडू का म्हणून विचारतेय. बाळ झोपेत गालातल्या गालात हसत होतं. आईचं काळीज म्हणाल तर असं उडालं, की रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसलं.

गल्लीने पोरीचं नाव गारगोटी ठेवलं होतं. बर्फाला निदान पाणी सुटतं, हिला तेही नाही, असं म्हणत. शेजारणीच्या मांजराच्या मिशा तिने कापल्या, वर्गातल्या मुलीची वेणी कापली. मारून झालं, कोंडून झालं. ती रडली नाही. दुसरं कुणी रडलं, तर पाणी नेमकं कुठून येतं ते वाकून बघायची. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीतीची भाषा हिला येतच नाही, बक्षिसाची येते. मग आईने आपल्या धंद्यातलाच नियम तिला लावला. कात्री लावायच्या आधी विचारायचं. 'नको' म्हटलं आणि ऐकलं, की बरणीतलं एक चकचकीत बटण. तेव्हापासूनही न विचारताच पडदे कापले गेले, बाहुल्या कापल्या गेल्या. बटणं बरणीतच राहिली.

आता ओरडावं, तर पोरगी दचकणार नाही, बाळ दचकेल. धावावं, तर पाती जवळ, आई लांब. तिने ओठांत धरलेली टाचणी हळूच काढली.

"नको गं, बयो."

पाती कानापासून अलगद दूर सरकली. गारगोटीने कात्री खुंटीला अडकवली, सरळ मशीनपाशी आली आणि तळहात पुढे केला.

आईने त्यावर बटण ठेवलं. पोरीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथलं तिला काही उमगलं नाही. बटण उजेडात धरलं, ते मात्र आवडलं. तळहात पुन्हा पुढे आला.

"दुसऱ्या कानाला?"

"नको," आई म्हणाली, आणि तिने बरणीच पुढ्यात ओढली. बाळाला बोटं वीस होती, आणि बटणं बरणीभर.