मागायच्या आधी

अनुवाद कार्यालयातल्या जुन्या युनिक्स मशीनवर लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडायला चांगलं मिनिटभर लागायचं. तोवर सगळे माशा मारत बसायचे. ऑपरेटरने त्यावर तोडगा काढला. सकाळी मशीन सुरू झालं की प्रोग्रॅम आपणच उघडून, एक कोरं पान घेऊन पडद्याआड दडून बसे. क्लिक केलं की नुसता पुढे येई.

"मागायच्या आधी तयार राहायची शिस्त लावलीय मी त्याला," असं सांगत गडी कॉलर ताठ करून फिरायचा.

नव्या मॅडमना मात्र पटेना. "मुळात एवढा वेळ लागतच नसेल हो."

हे त्याला फार झोंबलं. सगळ्यांसमोर त्याने आपली करामत पुसून टाकली आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. "आता बसा घड्याळ लावून!"

त्याचा हात माउसपर्यंत पोचायच्या आत पान समोर हजर झालं.

"अहो, पण तुम्ही क्लिक कुठे केलंत?" मॅडमनी विचारलं.

त्याला घाम फुटायला हवा होता, पण छातीच फुगली. आपण लावलेली शिस्त, पुसूनही टिकली! "बघा, म्हणालो नव्हतो?" हे शब्द अगदी त्याच्या ओठांवर आले.

पान कोरं नव्हतं. त्यावर तेच शब्द आधीच टाइप झालेले होते.