गॅलरीचं कुलूप

पाण्याची बाटली काढायला बसचालकाने पिशवीत हात घातला आणि हाताला कुलूप लागलं. गॅलरीच्या दाराचं कुलूप. ते या वेळी घरी, आठव्या मजल्यावर, दाराला असायला हवं होतं. बस शेवटच्या थांब्यावर, डेपोत उभी होती. उतारू केव्हाच निघून गेले होते. तो कुलपाकडे नुसता बघत राहिला.

सकाळी त्याने गॅलरीत कपडे वाळत घातले होते. तेवढ्यापुरतं काढलेलं कुलूप गडबडीत डब्याबरोबर पिशवीत गेलं असणार. म्हणजे सकाळपासून दार सताड उघडं होतं आणि घरात बायको एकटी होती.

गेल्या वर्षी ती त्याच गॅलरीच्या कठड्यावर चढली होती. त्याने मागून धरलं तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. कपडे वाळत घालून आत यावं तशी निमूट आत आली. घरात वाईट असं काही घडलं नव्हतं, त्यामुळे त्याला तर काही उमगतच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि लक्ष ठेवा म्हणून बजावलं. त्याने दाराच्या दोन्ही बाजूंच्या कड्या काढून टाकल्या, जाड कोयंडा ठोकला आणि कुलूप घातलं. खिडक्यांना गज होतेच. त्या दिवसाबद्दल दोघांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. सुट्टीच्या दिवशी तो तिच्यासमोर खुर्ची टाकून बसे आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करी. ती स्वयंपाकघरात गेली की ह्यालाही नेमकी तहान लागे. पुढे पुढे त्याला भीती वाटेनाशी झाली. खरं तर काही वाटणंच बंद झालं.

मांजर आणायचं त्याच्या बहिणीच्या डोक्यातून निघालं. वहिनीला घरात काहीतरी हलतं-फिरतं हवं, म्हणाली. राखायला आता आणखी एक, एवढंच त्याच्या मनात आलं. पण बहिणीपुढे त्याची मात्रा कधी चालली होती? बेवारस मांजरं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या बाई घर बघायला आल्या, ते पिंजऱ्यात एक म्हातारी, फाटक्या कानाची मांजरी घेऊनच. तिला कुणी नेत नव्हतं, सगळ्यांना पिल्लं हवी असतात. गॅलरीचं कुलूप पाहून बाई भलत्याच खूश झाल्या. लोकांना सांगून सांगून तोंड दुखतं, आणि तुम्ही आधीच सोय करून ठेवलीत, म्हणाल्या.

जाता जाता बाई बायकोला म्हणाल्या, ही जन्मभर रस्त्यावर राहिलेली, बाहेर पळायला बघणारच. जरा फट दिसली की गेली. इतक्या वरून पडली तर हाती लागायची नाही. तेव्हा तुम्ही सांभाळा. बायकोने मान हलवली. ती हल्ली सगळ्यालाच मान हलवी. तेव्हापासून मांजरी पलंगाखाली असे आणि बायको पलंगावर. दोघींचं छान जमलं होतं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्याने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

डेपोत त्याला ‘घड्याळ’ म्हणत. हा गृहस्थ सासऱ्याच्या अंत्यविधीहूनही पाळी गाठायला वेळेवर परतेल, अशी त्याची थट्टा चाले. तो साहेबांच्या टेबलापुढे जाऊन मला घरी जायचंय म्हणाला, तेव्हा साहेबांनी चेहरा पाहिला आणि काही न विचारता बसची किल्ली मागून घेतली.

टॅक्सीत त्याला वाटलं, आपल्याला आता रडायला हवं. रडू आलं नाही. कुठला सिग्नल किती वेळ खातो, तेवढंच डोक्यात येत होतं. त्याची त्याला लाज वाटली. इमारतीपाशी उतरल्यावर त्याने वर पाहिलं नाही. आधी गॅलरीखालच्या फरशीकडे पाहिलं. तिथे कुणीतरी मोटार धूत होतं. मग मात्र तो लिफ्टकडे पळत सुटला.

घरात बायको गॅलरीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पाय लांब पसरून तिने टाचा समोरच्या कपाटाला रोवल्या होत्या. वारा बाहेरून दार ढकलत होता आणि दाराबरोबर तीही थोडी हलत होती. हातभर अंतरावर मांजरी तिच्याकडे रोखून बघत बसली होती.

“कुलूप घेऊन गेलात तुम्ही,” ती म्हणाली. आवाज बसला होता. “खुर्ची लावून पाहिली, तर वारा खुर्चीसकट दार ढकलतो. फोन ऐकला मी. पण उठले असते तर ही गेली असती.”

त्याने पिशवीतून कुलूप काढलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बोलण्याऐवजी हुंदकाच बाहेर पडला. तो तिच्या शेजारी दाराला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वर्षभराचं सगळं एकदम आलं. तिने त्याला थांबवलं नाही. मांजरीवरची नजरही काढली नाही, फक्त आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“एका दिवसात माझी पाठ मोडली हो,” ती म्हणाली. “तुम्ही वर्षभर कसे बसलात?”