तळ्यावरचं तोरण

गाळ काढायला तळ्यात घातलेला पाटलाचा ट्रॅक्टर, गावातला पहिलाच, अर्ध्या चाकापर्यंत रुतला आणि सातपुड्याकडून आभाळ काळवंडलं. तळं भरायच्या आत ओढून काढील अशी दांडगी बैलजोडी गावात एकच होती, बौद्धवाड्यातल्या पितांबरची. पाटील त्याच्या दारात आला. पितांबरला मागचा पोळा आठवला. “तुमचे बैल आमच्या तोरणाखालून जायचे नाहीत,” म्हणत याच पाटलाने चारचौघांत त्याची सजवलेली जोडी वेशीवरून हाकलली होती. “आधी तळ्यावर तोरण बांधा,” पितांबर म्हणाला, “मंग दखू.” दात खात पाटलाने दोन बाभळींमध्ये सुतळी ताणली, स्वतःच्या हाताने आंब्याची पानं खोवली. पितांबर शिंगं रंगवून, घुंगरं बांधून सावकाश जोडी घेऊन आला. बैल ऐटीत तोरणाखालून गेले आणि तळ्याला पाठ करून घराकडे वळले. मागे न बघता पितांबर म्हणाला, “पोळा व्हई गया, आबा!”