बाबांची जीभ

कोठीतला सिगार पुरता मुरला की नाही, हे कारखान्यात बाबांची जीभ ठरवायची. “कच्चा आहे, झोंबतोय,” म्हणत त्यांनी मुलाचा माल वर्षानुवर्षं अडवून धरला होता.

हल्ली मात्र आदल्याच आठवड्यात वळलेला, न मुरलेला सिगार दिला, तरी ते मान डोलवायचे. “वा, लोणी आहे नुसतं! पाठव माल.”

घरात दूध करपल्याचंही त्यांना कळेना, तेव्हा आईने मुलाला त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे पिटाळलं.

“नाकात मांस वाढलंय,” डॉक्टरांनी मुलाला आत बोलावून सांगितलं. “छोटं ऑपरेशन केलं, तर वास, चव सगळं परत येईल. उशीर केलात, तर कायमचं गेलं.”

बाहेर बाबा धास्तावून बसले होते. “काय म्हणाले रे?”



डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची चिठ्ठी खिशात चुरगाळत मुलगा हसला. “काही नाही, बाबा. तुमची जीभ आता कुठे मुरलीय!”