चिवट रोप

बांध फुटून समुद्र शेतात शिरला. पाणी ओसरलं, पण मागे मीठ ठेवून गेलं. सासऱ्यांनी ती खारट माती कुंड्यांत भरली आणि ठिकठिकाणाहून मागून आणलेलं भाताचं बियाणं एकेका कुंडीत पेरलं. एकेक रोप करपत गेलं. शेवटी एकच हिरवं उरलं, तसे म्हातारबुवा पुन्हा पोटभर जेवू लागले.

"बघ सूनबाई, मिठाला पुरून उरलं. तुझ्यासारखंच चिवट आहे. उद्या सगळं शेत याच बियाण्यानं पेरतो."

हाही हंगाम बुडाला, तर शेत सोडून जायचं ठरलं होतं. सुनेचं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं. घासलेलं पातेलं तिनं परत घासलं. मागच्या दारी गेली, आली, पुन्हा गेली. सासरे गुणगुणत त्याच वाणाच्या, मागवून ठेवलेल्या बियाण्याच्या पोत्याचं तोंड सोडत होते.

"मामंजी, नका पेरू."

"का गं?"

"त्या रोपाला मी रोज घरातलं गोडं पाणी घालत होते. तांब्या तांब्या. मीठ कुंडीच्या भोकातून निथळून जायचं. तुमचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं. वाटलं, एक तरी जगावं."

गुणगुणणं थांबलं. म्हातारबुवांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, गाठ ओढून घट्ट केली. मग कुंडी उचलून तिच्या हातात दिली.

"याला घालत जा पाणी," ते म्हणाले. "पण एवढ्या शेताला पुरतील इतक्या सुना मी कुठून आणू?"